वावर घेण्याआधी

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्यांचे मालक सोळा वर्षे सालदार आहेत. त्या स्वतः निंदायला, वेचायला जातात. बचत गट आणि दोन वेळच्या भाकरीतून वाचवलेला पैसा मिळून दोन लाख रुपये साठले आहेत. गावालगत दोन एकर कोरडवाहू वावर विकायला निघाले आहे. एकरी आठ लाख सांगतात. कमी पडणारे पैसे गावातलाच एक माणूस तीन रुपये शेकड्याने द्यायला तयार आहे. अट एकच की खरेदी तूर्त त्याच्या नावाने करायची, पैसे फिटले की तो वावर यांच्या नावाने करून देईल. ‘‘पाडव्याच्या आत सांगायचे आहे. आमची जिंदगी दुसऱ्याच्या धुऱ्यावर गेली, पोरांचे तरी नाव सातबाऱ्यावर लागावे. घेऊ का?’’

ताई, घेऊ नका. या अटीवर तर मुळीच नाही. कारणे सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. ज्यांच्या घरी कधी वावर नव्हते आणि ज्यांना आता कास्तकारी करायची आहे, अशा बऱ्याच घरांचा तो आहे.

आधी व्याज पाहू. सोळा लाखांचे वावर, तुमचे दोन लाख, म्हणजे चौदा लाख उसने. तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला बेचाळीस हजार. वर्षाचे पाच लाख चार हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. आता वावर काय देईल ते पाहू. सोयाबीनमध्ये तूर धरली आणि पाऊस बरा झाला, तर एकरी सहा क्विंटल सोयाबीन आणि दोन क्विंटल तूर धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव सोयाबीनला ५,३२८ रुपये आणि तुरीला ८,००० रुपये क्विंटल होता. बाजारात तो मिळेलच असे नाही, पण मिळाला असे समजू. एकरी अठ्ठेचाळीस हजार झाले. बी, खत, फवारणी, डवरणी, निंदण, सोंगणी, मळणी, वाहतूक यांचे पंचवीस हजार काढा. उरले तेवीस हजार. दोन एकरांचे सेहेचाळीस हजार. म्हणजे चांगल्या वर्षाची सारी कमाई त्या माणसाच्या तेहतीस दिवसांच्या व्याजात जाते.

बरे, सावकार सोडा. बँकेने चौदा लाख दहा टक्क्यांनी दिले असे धरले, तरी वर्षाचे व्याज एक लाख चाळीस हजार होते. वावर देते त्याच्या तिप्पट. आजच्या भावाने घेतलेली कोरडवाहू जमीन आपली किंमत आपण फेडत नाही. ज्याची पेन्शन आहे, दुकान आहे किंवा वडिलोपार्जित वीस एकर आहे, तो दुसऱ्या कमाईतून फेडू शकतो. तुमच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. असा रस्ता आला की आजूबाजूच्या वावराचा भाव पऱ्हाटीच्या बोंडांकडे पाहून ठरत नाही, मग पिकातून तो वसूल कसा व्हायचा?

आणि त्या अटीविषयी. खरेदीखत दुसऱ्याच्या नावाने आणि परतीचा शब्द तोंडी, या प्रकाराने वऱ्हाडात कितीतरी वावरे गेली आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यांच्या वर व्याज घेता येत नाही. तुम्हाला सांगितले ते छत्तीस टक्के झाले. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन चौकशी करून परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना या कायद्याने आहे, पण तो ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी. तुमच्या बाबतीत वावर तुमच्या नावावर कधी आलेलेच नसेल. मग परत मागणार काय?

कर्जाच्या या दुखण्यावर औषध शोधणारे लोक आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख जुन्या मध्यप्रांतात मंत्री होते. कर्जबाजारी कास्तकारासाठी १९३३ साली जो कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. आज वेळेत फेडणाऱ्याला पीककर्जाच्या व्याजात जी राज्याची सवलत मिळते, तिलाही त्यांचेच नाव आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. पण ताई, अडचण अशी की ते मिळते सातबारा असलेल्याला. गावची सेवा सहकारी सोसायटी असो की राष्ट्रीयीकृत बँक, पहिला कागद तोच मागतात. शेतीच्या योजनांसाठी २०२५ पासून जो शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही सातबाऱ्यावरूनच निघतो. नवख्या माणसाची खरी कोंडी ही आहे. जमीन नाही म्हणून स्वस्त पैसा नाही, आणि स्वस्त पैसा नाही म्हणून जमीन नाही.

ही कोंडी सरकारच्या बाजूने फोडणारी एक योजना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली मोठे सत्याग्रह केले. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २००४-०५ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना चालवली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, भूमिहीन, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतमजूर कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन समाजकल्याण खाते विकत घेऊन देते. पूर्वी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज असे. २०१८ पासून सगळेच अनुदान आहे. वय १८ ते ६० लागते, विधवा आणि परित्यक्ता भगिनींना अग्रक्रम असतो. तुमची जात पत्रात नाही आणि ती विचारणे माझे काम नाही. पण बसत असाल तर अमरावतीला सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे अर्ज करा. मात्र २०१८ च्या निर्णयाने जिरायतीला एकरी पाच लाखांची मर्यादा घातली, आणि तुमच्याच गावात विकणारा आठ सांगतो आहे. जमीन देणारा मिळत नाही म्हणून अर्ज पडून राहतात. तेव्हा अर्ज जरूर करा, पण त्याच्या भरवशावर हंगाम सोडू नका.

मग काय करावे? दुसऱ्याचे वावर करून पाहावे.

आपल्याकडे याचे दोन प्रकार आहेत. मक्ता, ज्याला कुठे ठोका म्हणतात, आणि बटई. मक्त्यात पैसा आधी मोजायचा, पीक सगळे आपले. बटईत खर्च अर्धा, माल अर्धा. नव्या माणसाला मक्ता आवडतो, कारण मालकाची कटकट नाही. मला नव्या माणसासाठी बटई बरी वाटते. वरचाच हिशेब पुढे नेऊ. मक्ता गावागावात निराळा आहे, आपण एकरी बारा हजार धरू. चांगल्या वर्षी तेवीसातून बारा गेले, उरले अकरा हजार. बटईत तेवीसाचे अर्धे, साडेअकरा हजार. सारखेच म्हणा. आता वाईट वर्ष घ्या. सोंगणीच्या वेळी पाऊस आला, सोयाबीन चार क्विंटल झाले आणि बेचाळीसशेने गेले, तूर एकच क्विंटल झाली आणि सात हजाराने गेली. मिळाले तेवीस हजार आठशे. मक्तेवाल्याचा खर्च सदतीस हजार, म्हणजे एकरी तेरा हजार दोनशे अंगावर. बटईवाल्याचा तोटा बाराशेचा अर्धा, सहाशे. तीन एकर केले तर एकाचे चाळीस हजार गेले आणि दुसऱ्याचे अठराशे. ज्याच्या गाठीला दोनच लाख आहेत, त्याने यातले कुठले वर्ष आधी येईल यावर पैज लावू नये.

अमरावती-पुण्याला राहणारे मालक बटई नको, रोख मक्ता द्या म्हणतात, कारण त्यांना मळणीला उभे राहायचे नसते. तसाच मालक भेटला तर निम्मे पाडव्याला आणि निम्मे सोयाबीन विकल्यावर असे ठरवून पाहा. वर्षानुवर्षे वखर न लागलेले वावर असेल तर मालक ऐकतो.

बटईत भांडण होते ते ठरवताना न बोललेल्या गोष्टींवरून. मजुरी अर्ध्यात धरायची की सगळी बटईदाराची? काही गावांत बी-खत निम्मे आणि अंगमेहनत सारी बटईदाराची असा रिवाज आहे. तिथे वरचा हिशेब बदलतो. कुटार कुणाचे? धुऱ्यावरच्या बाभळीचे सरपण कुणाचे? आणि सगळ्यांत मोठे, हमीभावाला माल घालायचा तर सातबारा आणि पीकपेरा मालकाचा लागतो, म्हणून चुकाराही मालकाच्या खात्यात जमा होतो. सीसीआयला कापूस घालायचा तरी नोंदणी त्याच्याच नावाने. तो पैसा किती दिवसांत तुमच्या हातात येईल हे चार माणसांसमोर बोलून, कागदावर लिहून, दोघांनी सही करून ठेवावे. विम्याचेही तसेच. भाड्याने शेती करणाऱ्याला पीक विमा काढता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक त्याला बहुधा तयार होत नाहीत. विदर्भाचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा त्यांच्या मनात अजून बसलेला आहे, कूळ लागेल म्हणून भितात. करार झाला तर उत्तम. नाही झाला तर तुमचे पीक विम्याशिवाय आहे असे समजूनच खर्च करावा.

आता तुमच्या दोन लाखांचे. यातला एकही रुपया पेरणीला लावण्याआधी घरखर्च बाजूला काढा. पाडव्याला साल फिरते. त्या दिवशी मालकांनी सालदारी सोडली, तर सोयाबीनचे पैसे येईपर्यंत दिवाळी येते आणि तुरीचे यायला संक्रांत. नऊ-दहा महिने किराणा, शाळा, दवाखाना, पोळा, गणपती हे सगळे चालतेच. नवीन कास्तकार कर्जात जातो तो पुष्कळदा खतापायी नाही, श्रावणातल्या किराण्यापायी. दुकानदाराची उधारी वाढते, मग सोंगणी झाल्या झाल्या ओला माल मिळेल त्या भावाने काढावा लागतो.

म्हणून माझे म्हणणे असे की पहिल्या वर्षी मालकांनी सालदारी सोडू नये. वावर तुम्ही करा. दोन-तीन एकर बटईने घ्या, त्याहून जास्त नको. वखर, तिफण, डवरे भाड्याने मिळते. बैलजोडी किंवा जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचारही पहिली दोन वर्षे करू नका. निंदण-खुरपण तुम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त एक गोष्ट वहीत लिहीत जा. ज्या दिवशी तुम्ही आपल्या वावरात राबता, त्या दिवशीची बाहेरची मजुरी बुडते. ती खर्चात धरा. बायकांची घरची मेहनत कुणी हिशेबात धरत नाही, आणि मग वावर फायद्यात दिसते.

पहिल्या वर्षी काय पेरावे, तर सोयाबीन आणि त्यात तूर. चार-सहा ओळींमागे तुरीच्या ओळी. एक पीक दिवाळीला पैसा देते, दुसरे संक्रांतीला, आणि एक फसले तर दुसरे हात देते. कापूस तुम्हाला चांगला ठाऊक आहे, पण त्याचा खर्च फवारणीत आणि वेचाईत चढत जातो, गुलाबी बोंडअळी आली तर शेवटचे वेचे जातात. तो दुसऱ्या वर्षी एखादा एकर करून पाहा. सोयाबीनचे बी शक्यतो ओळखीच्या कास्तकाराकडून घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्राने काढलेले सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा हे वाण तुमच्या भागात चालतात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरे. कमी उगवले तर बियाणे त्या मानाने वाढवा, फारच कमी उगवले तर ते बी पेरू नका. आणि पहिल्या सरीला घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच तिफण धरा. दुबार पेरणीचा खर्च तुमच्या वहीत बसणारा नाही.

जमीन नसताना बँकेचे दार उघडायचे तर दोन वाटा आहेत. एक तुमच्याकडे आहेच, बचत गट. गटाच्या नावाने कर्ज घ्यावे आणि हप्ता एक दिवसही चुकवू नये. दुसरी, किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळते, आणि त्याला सातबारा असलाच पाहिजे असे नाही. १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि जोडधंद्याच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चार-पाच बेरारी शेळ्या घ्या. आपल्याच हवेतली जात आहे, धुऱ्याच्या चाऱ्यावर जगते. पाच महिन्यांत विते. मे-जूनमध्ये बियाण्याला पैसा लागतो, तेव्हा दोन बोकड विकता आले तर त्या तीन रुपये शेकडावाल्याचे दार वाजवावे लागत नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, मला विचाराल तर ती गरिबाची सोसायटी आहे.

शिवाय या छोट्या कर्जांची फेड बँकेच्या वहीत दिसते. स्टेट बँकेची जमीन खरेदीसाठी कर्ज देण्याची योजना आहे. अल्पभूधारक आणि भूमिहीन शेतमजूर यांच्यासाठी ती आहे. बँक जी किंमत धरेल तिच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज, नऊ-दहा वर्षांची फेड, पण आधीच्या कर्जाची निदान दोन वर्षांची चोख फेड दाखवावी लागते. आजचे नियम शाखेत जाऊन विचारा. दोन वर्षे बटई केलेल्या माणसाच्या हातात हिशेबाची वही असते आणि बँकेत चांगले नाव असते. विकणारा अडला असेल, भाव उतरला असेल, किंवा तुमचेच चार-पाच लाख जमले असतील, तर तेव्हा एक एकर घेता येईल. आधी एक एकर, दोन नाही.

ती वेळ येईल तेव्हाचे आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला घेता येते, इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून शेतमजूर असल्याचा दाखला आधी काढून ठेवा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते पाहा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. विनोबांचे पवनार आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, त्यामुळे भूदानाच्या जमिनी इकडे पुष्कळ आहेत. ती जमीन विकता येत नाही, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी इसार देऊ नका. आदिवासी बांधवाची जमीनही तशीच, नादी लागू नये. फेरफार मागे तीस वर्षांचे काढा, बहिणींच्या सह्या आहेत का पाहा, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का पाहा. मोजणी झाल्याशिवाय धुऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि वावर जुलैत पाहा. उन्हाळ्यात प्रत्येक वावराला रस्ता असतो. पाऊस पडला की कळते पांधण कुठे संपते, पाणी कुठे साचते आणि शेजारी बैलगाडी जाऊ देतो की नाही.

पुण्या-मुंबईची नोकरी सोडून वावर करायला येणारी तरुण मंडळीही अलीकडे विचारतात. त्यांना वेगळे सांगण्यासारखे एवढेच आहे की पहिल्याच वर्षी संत्र्याची बाग लावू नका. ती पाच-सहा वर्षांनी फळ देते आणि तोपर्यंत पाणी, मजूर आणि पैसा मागत राहते. दोन खरीप कोरडवाहूचे करून विहिरीचे पाणी मे महिन्यात कुठवर उतरते ते पाहावे, मग बाग.

ताई, शेवटी तुम्ही विचारले आहे की वावर घेतलेच तर नाव कुणाचे लावावे, मालक म्हणतात मुलाचे लावू. मुलगा पत्रावरून नववीत दिसतो. त्याचे नाव लावू नका. अज्ञानाच्या नावावर जमीन असली की पुढे ती तारण ठेवायला किंवा विकायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि पीककर्जालाही अडचण येते. तुमचे आणि मालकांचे, दोघांचे नाव खरेदीखतातच घालून घ्या. नोंदणी झाली की फेरफार आपोआप होईल म्हणून बसू नका. महिन्याभराने नवा सातबारा काढा आणि दोन्ही नावे, क्षेत्र आणि गट क्रमांक खरेदीखताशी जुळवून पाहा. तुमचे आधार कार्डावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यात एका अक्षराचा फरक राहिला, तरी तो त्याच आठवड्यात तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या.